लकवा एकच नसतो. शीर कुठे आणि कशी बंद झाली ते विचारा

आमच्या बौद्धवाडीत दोन वर्षांमागे अडीच महिन्यांच्या अंतराने दोघांना लकवा झाला. पहिले आमचे गवंडीकाम करणारे तात्या, वय ५८. दुसरी माझी चुलत जाऊ, वय ४३. दोघांनाही एकाच दवाखान्यात नेले. दोघांचेही सीटी स्कॅन झाले, दोघांच्याही मेंदूत रक्तस्राव नव्हता. दोघांनाही गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन मिळाले आणि तेही जवळपास सारख्याच वेळेत, म्हणजे त्रास सुरू झाल्यापासून साडेतीन तासांच्या आसपास. तात्या तिसऱ्या दिवशी भिंतीला धरून उभे राहिले आणि त्या वर्षीच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला विहारात चटया अंथरत होते. जाऊ आजही अंथरुणावर आहे. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही गेले. घरच्यांना ओळखते, पण नाव घेऊन हाक मारू शकत नाही.

वाडीत काय बोलले गेले असेल, ते तुम्हाला सांगायला नको. तात्यांचा मुलगा मुंबईला महापालिकेत आहे, त्याने चार फोन केले म्हणून तात्यांना खरे इंजेक्शन दिले. हिच्यामागे कोण होते? हिला पाणी टोचले असेल. एका काकींनी तर तोंडावर विचारले, "बाय, तू एवढी वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होतीस, तुझ्याच घरातल्या बाईला असं कसं केलं त्यांनी?"

खोटे कशाला सांगू, महिनाभर माझ्याही मनात तेच होते. आपल्या माणसांकडे दवाखान्यात कसे पाहिले जाते, ते मी आतून पाहिले आहे. पण नंतर घाटावरच्या मोठ्या दवाखान्यातली तिची फाईल नीट वाचली, आणि लक्षात आले की आम्ही रागावलो होतो ते योग्यच, पण चुकीच्या ठिकाणी. इंजेक्शन दोघांनाही खरेच होते. दोघांचा लकवा मात्र एक नव्हता.

आपण सगळ्याला एकच नाव देतो. "वारं गेलं" म्हणतो, लकवा म्हणतो, अर्धांग म्हणतो. डॉक्टरही घाईत "स्ट्रोक" एवढेच म्हणतात. लकव्याचे दोन मोठे भाग आहेत. एकात मेंदूतली शीर फुटते, दुसऱ्यात बंद होते. बंद होणारे जास्त, साधारण १०० पैकी ८०-८५. पण बंद होणे म्हणजे काय, कुठली शीर, कुठल्या जागी, कशाने बंद झाली, यावर माणूस पुन्हा उठणार की नाही हे पुष्कळ अवलंबून असते. आणि नेमके हेच कोणी आपल्याला समजावून सांगत नाही. आपणही विचारत नाही.

हनुवटीच्या खाली, कंठाच्या बाजूला दोन बोटे हलकेच ठेवा. ठोका लागतो ना? ती कॅरोटिड धमनी. डावीकडे एक, उजवीकडे एक. मेंदूचा पुढचा आणि मोठा भाग या दोघींच्या रक्तावर जगतो. मानेत थोडे वर गेल्यावर प्रत्येकीला फाटा फुटतो. एक फांदी चेहऱ्याकडे जाते, दुसरी सरळ कवटीत शिरते. कवटीत गेल्यावर तिच्या टोकाला पुन्हा दोन फांद्या होतात, एक मेंदूच्या मधल्या भागाकडे आणि एक पुढच्या भागाकडे. आपल्या वाडीच्या नळयोजनेचा विचार करा. टाकीतून येणारी मोठी लाइन, मग फाटा, मग घरोघरची अर्धा इंची नळी. एका घराची नळी तुंबली तर एक घर कोरडे. मोठी लाइन फाट्यावरच तुंबली तर अख्खी वाडी कोरडी.

तात्यांची मेंदूच्या मधल्या धमनीची एक लहान फांदी बंद झाली होती. गुठळी छोटी, औषध तिथपर्यंत पोचले, गुठळी विरघळली. जाऊची गुठळी डाव्या कॅरोटिडच्या अगदी टोकाला, जिथे दोन फांद्या फुटतात तिथे अडकली होती. एका गुठळीने दोन्ही वाटा बंद. शिवाय ती गुठळी लांब आणि जाड. वरून रक्ताचा प्रवाहच थांबलेला असला की शिरेतून दिलेले औषध गुठळीपर्यंत पुरेसे पोचतही नाही. कॅनडातल्या कॅल्गरी शहरातल्या डॉक्टरांनी २०१० साली आपल्या रुग्णांचा हिशेब मांडला होता. गुठळी मेंदूच्या मधल्या धमनीच्या सुरुवातीला असेल तर इंजेक्शनने साधारण तिघांपैकी एकाची शीर लवकर उघडली. गुठळी कॅरोटिडच्या टोकाला असेल तर १०० पैकी चार-पाचांचीच. इंजेक्शन तेच, दवाखाना तोच, डॉक्टर तेच.

म्हणून इंजेक्शन व्यर्थ आहे असा अर्थ कोणी काढू नका. १९९५ साली अमेरिकेतल्या चाचणीत ते तीन तासांच्या आत दिल्यावर कमी अपंगत्वाने किंवा अपंगत्वाशिवाय बरे होणाऱ्यांचे प्रमाण निदान तीस टक्क्यांनी वाढले. २००८ मध्ये युरोपातल्या चाचणीनंतर मुदत साडेचार तासांपर्यंत गेली. त्याला धोकाही आहे. पहिल्या चाचणीत १०० पैकी सहा जणांच्या मेंदूत त्रासदायक रक्तस्राव झाला, म्हणून डॉक्टर सही मागतात. त्या सहीला घाबरून अर्धा तास गावाकडे फोन करण्यात घालवू नका. माझे म्हणणे एवढेच की मोठ्या शिरेच्या गुठळीला इंजेक्शन ही पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे.

दुसरी पायरी म्हणजे तारेने गुठळी ओढून काढणे. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी वर मेंदूपर्यंत नेतात आणि जाळीने किंवा शोषून गुठळी बाहेर काढतात. डॉक्टर याला थ्रॉम्बेक्टमी म्हणतात. २०१५ साली वेगवेगळ्या देशांतल्या पाच चाचण्यांचे निकाल एकापाठोपाठ आले. पुढच्या वर्षी ते सगळे १,२८७ रुग्ण एकत्र मोजले. फक्त औषधे दिलेल्यांपैकी तीन महिन्यांनी साडेसव्वीस टक्के लोक स्वतःचे स्वतः करू शकत होते. गुठळी ओढून काढलेल्यांपैकी ४६ टक्के. हे सहा तासांच्या आत चांगले होते. २०१८ नंतर, स्कॅनमध्ये मेंदूचा वाचवण्याजोगा भाग शिल्लक दिसला तर निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतही करतात. पण ते निवडक. वाट पाहायला दिलेली ती सवलत नाही. बंद शिरेच्या लकव्यात दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात असा हिशेब आहे.

आता जाऊचा प्रवास मोजा. वाडीपासून डांबरी रस्त्यापर्यंत खुर्चीत बसवून चौघांनी उचलून आणायला अर्धा तास. का? तर गावाच्या चार वाड्यांना रस्ता गेला आणि आमच्या वाडीच्या पऱ्यावर अजून साकव आहे. रुग्णवाहिका साकवाच्या पलीकडे उभी राहते. मग पहिला दवाखाना, तिथून दुसरा, स्कॅन, इंजेक्शन. इथपर्यंत साडेतीन तास. इंजेक्शन देतानाच मोठी शीर बंद असल्याचा संशय घेऊन तिला पुढे धाडायला हवे होते. मानेच्या आणि डोक्याच्या शिरांचे रंग टाकून केलेले स्कॅन, म्हणजे सीटी अँजिओग्राफी, तेव्हाच करायला हवे होते. तसे झाले नाही. "उद्या सकाळपर्यंत बघू" असे सांगण्यात आले. सकाळी सुधारणा नाही म्हणून कोल्हापूरकडे नेले. रत्नागिरी ते कोल्हापूर सव्वाशे-दीडशे किलोमीटर, मध्ये आंबा घाट, आणि दिवस जुलैचे. पोचेपर्यंत डाव्या बाजूचा बराच मेंदू मेलेला होता. तिथल्या डॉक्टरांनी सांगितले की आता गुठळी काढली तर फायद्यापेक्षा रक्तस्रावाची भीती जास्त. त्यांचे चूक नव्हते.

माझा राग या रात्रीवर आहे. कोणी पाणी टोचले नाही. पण रस्ता नसणे, संशय न घेणे, पुढे न धाडणे, हे तिघे मिळून पाणी टोचण्यापेक्षा कमी नाहीत. आणि यातली पहिली गोष्ट आमच्याच वाडीच्या वाट्याला का आली, हे या अंकाच्या वाचकांना मी सांगायची गरज नाही.

आणखी एक राग आहे, तो मागे जातो. जाऊची गुठळी आली कुठून? हृदयातून. लहानपणी तिला घसा सुजून ताप यायचा, मग सांधे धरायचे. एका खोलीत आठ माणसे झोपणाऱ्या घरात असा घशाचा संसर्ग एकाकडून दुसऱ्याकडे जातो. त्यातून होणाऱ्या संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप खराब होते, झडप अरुंद झाली की हृदयाचे ठोके बेताल होतात, आणि बेताल हृदयात रक्त साचून गुठळी धरते. तीच गुठळी एके दिवशी सुटून वर जाते. तिला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन घ्यायला सांगितले होते. लग्न झाले, सासर आले, ते सुटले. रक्त पातळ ठेवायची गोळी आणि तिची नियमित रक्ततपासणी, हे तर तिच्या कागदावर कधी आलेच नाही. मी घरात परिचारिका असून कधी तिची नाडी धरून पाहिली नाही. हा दोष माझा.

पण कॅरोटिडचा सगळ्यात नेहमीचा आजार हृदयातून आलेल्या गुठळीचा नसतो. तो मानेतच तयार होतो. मानेतल्या त्या फाट्यापाशी रक्त भोवऱ्यासारखे फिरते. तिथे वर्षानुवर्षे चरबीचा आणि चुन्याचा थर बसतो. बीपी, मधुमेह, विडी-सिगारेट, आणि आपल्या बायकांची मशेरी यांनी शिरांची खराबी वाढत जाते. थर वाढला की वाट अरुंद होते. एखाद्या दिवशी थराला तडा जातो, त्यावर गुठळी धरते, तिचा तुकडा मेंदूत उडतो. इथे आपल्याला एक मोठी संधी असते, कारण ही शीर बरेचदा आधी निरोप पाठवते.

तो निरोप माझ्या मोठ्या भावाला आला होता. दादा शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. एका सकाळी पेपर वाचताना डाव्या डोळ्यासमोर वरून पडदा उतरल्यासारखे झाले. पाच मिनिटांत डोळा स्वच्छ. आठवड्याने उजव्या हातातला चहाचा कप निसटला, दहा मिनिटे बोटे ऐकेनात. पुन्हा सगळे ठीक. डोळा डावा आणि हात उजवा, म्हणून त्यांना वाटले दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खरे तर ही एकाच शिरेची खूण होती. डावी कॅरोटिड डाव्या डोळ्याला रक्त देते आणि मेंदूच्या डाव्या भागालाही, आणि डावा मेंदू उजवा हात चालवतो. त्यांनी चष्म्याचा नंबर तपासला. एका दवाखान्यात मानेच्या मणक्याचा त्रास म्हणून मलम दिले. तीन आठवड्यांनी रात्री लकवा झाला. नंतर मानेची सोनोग्राफी केली, ज्याला डॉपलर म्हणतात. डाव्या कॅरोटिडमध्ये ८० टक्के अडथळा.

हे आधी कळते तर काय करता आले असते? पुष्कळ. १९९१ साली उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल आला. ज्यांना असा निरोप किंवा छोटा लकवा येऊन गेला आहे आणि ज्यांच्या कॅरोटिडमध्ये ७० ते ९९ टक्के अडथळा आहे, अशांना फक्त औषधे दिली तर दोन वर्षांत त्या बाजूचा लकवा १०० पैकी २६ जणांना झाला. शीर उघडून थर खरवडून काढला, त्यांच्यात नऊ जणांना. या नऊमध्ये शस्त्रक्रियेतच झालेले नुकसानही धरलेले आहे. पुढे असेही दिसले की वेळ फार महत्त्वाची. निरोप आल्यापासून दोन आठवड्यांत शस्त्रक्रिया केली तर पाच माणसांमागे एकाचा लकवा टळतो. बारा आठवड्यांनंतर केली तर १२५ माणसांमागे एकाचा. एवढा फरक! आणि आपल्याकडे भातलावणी उरकू दे, गणपतीला मुंबईकर येतील तेव्हा बघू, असे म्हणत बारा आठवडे सहज जातात. अडथळा ५० ते ६९ टक्के असेल तर फायदा कमी होतो, आणि ५० च्या खाली शस्त्रक्रियेचा उपयोग नाही, औषधांचाच आहे.

इथे लोकांची समजूत उलटी होते. ७० टक्क्याला एवढा फायदा, तर १०० टक्क्याला अजून मोठा असणार, असे वाटते. तसे नाही. कॅरोटिड पूर्ण बंद होऊन जुनी झाली असेल तर ती उघडायला सहसा जात नाहीत. बंद शिरेतून रक्तच जात नाही, त्यामुळे मानेतून तुकडे उडण्याची भीती कमी झालेली असते, आणि मेंदूने समोरच्या बाजूच्या शिरेकडून, मागच्या शिरांकडून वळसा घेऊन रक्त मिळवायला सुरुवात केलेली असते. कवटीच्या तळाशी या सगळ्या शिरांना जोडणारे एक कडे असते. ज्याचे कडे चांगले, तो एक शीर बंद होऊनही चालता-फिरता राहतो. बंद शिरेला बाहेरून जोड देऊन रक्त नेण्याची शस्त्रक्रिया मोठ्या चाचण्यांत तपासली, १९८५ मध्ये आणि पुन्हा २०११ मध्ये. दोन्ही वेळा लकवा टाळण्यात औषधांहून सरस ठरली नाही. शेजारच्या गावातल्या एका कुटुंबाने वडिलांचा "१०० टक्के ब्लॉक" उघडण्यासाठी कलमांची दहा गुंठे जागा विकायला काढली होती. मी त्यांना एवढेच म्हटले की आधी दुसऱ्या न्यूरॉलॉजिस्टला रिपोर्ट दाखवा. जागा राहिली. वडील गोळ्यांवर आहेत.

मात्र "१०० टक्के" हा शब्दही दरवेळी खरा नसतो. गुठळी वर टोकाला अडकली की खालच्या शिरेत रक्त साचून राहते, रंगाचे औषध वर चढत नाही, आणि स्कॅनवर शीर मानेपासूनच बंद दिसते. प्रत्यक्षात मानेतली शीर मोकळी असते. कधी याच्या उलट, शीर ९९ टक्के अरुंद होऊन पुढे आक्रसलेली असते. अशीत शस्त्रक्रियेचा फायदा फारसा दिसलेला नाही. कधी मानेत अडथळा आणि मेंदूत गुठळी, असे दोन्ही एकाच वेळी असते. मग खालची वाट उघडून वर जावे लागते, काम लांबते. हे सगळे ओळखणे तज्ज्ञाचे काम. आपले काम रिपोर्टचा कागद आणि सीडी हातात ठेवणे आणि विचारणे: शीर मानेत बंद आहे की डोक्यात? पूर्ण की अर्धी? आत्ता बंद झाली की जुनी? गुठळी हृदयातून आली का? हे विचारायला डॉक्टर व्हावे लागत नाही. कोणी "तुम्हाला काय कळणार" म्हणाले तर शांतपणे पुन्हा विचारा.

तरुणांसाठी दोन ओळी. चाळिशीच्या आतल्या माणसाला लकवा झाला तर शिरेच्या आतल्या अस्तराला चीर गेली आहे का, हेही पाहतात. मानेला झटका, अपघात, आणि सलूनमध्ये मालिश झाल्यावर कडकन मान मोडून घेणे, यांनी अशी चीर पडल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. ती बहुतेकदा औषधांनी काही महिन्यांत भरते. दाढी करा, चंपी करा, मान मोडून घेऊ नका.

आणि हे सगळे वाचून कोणी उद्या सकाळी मानेची सोनोग्राफी करायला पळू नका. हल्ली "फुल बॉडी पॅकेज"मध्ये तीही घालतात. कसलेच लक्षण नसलेल्या सर्वांची अशी तपासणी करू नये असे अमेरिकेच्या तज्ज्ञ मंडळानेही २०२१ मध्ये पुन्हा सांगितले आहे, कारण त्यातून फायद्यापेक्षा नको त्या शस्त्रक्रिया जास्त होतात. विहारात शिबिर घ्यायचेच असेल तर बीपीचे यंत्र, साखरेची पट्टी आणि नाडी पाहणारा एक माणूस पुरे. बीपीच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. देशात बीपीवर नियंत्रणाचा जो सरकारी उपक्रम सुरू झाला, त्याच्या पहिल्या जिल्ह्यांत शेजारचा सिंधुदुर्ग होता. आपल्याकडे मात्र "आता बरं वाटतंय" म्हणून गोळी सोडणारे घरटी एक सापडतील. सुकी मासळी, खारवलेली कैरी आणि पावसाळ्यातले पापड यांच्यातले मीठ कोणी मोजत नाही. मीही सुकटीची चटणी सोडलेली नाही, फक्त धुऊन घेते.

लकवा हा शहरातल्या बसून खाणाऱ्यांचा आजार आहे, ही समजूतही टाकून द्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ८६ खेड्यांतल्या मृत्यूंची नोंद ठेवली. २०११ ते २०१३ या काळात तिथे मृत्यूचे पहिले कारण लकवा निघाले. १०० मृत्यूंमागे १४. आणि लकव्याने गेलेल्यांतले बहुसंख्य घरीच गेले, दवाखान्यात नव्हे. आपल्या जिल्ह्यातही असे कोणी मोजले तर काय निघेल, याचा अंदाज मला माझ्या नोकरीतून आहे. किती जणांना आधी कबुतराच्या रक्ताचे मालिश झाले, किती जणांना आधी भगताकडे नेले, तेही मला ठाऊक आहे. आपल्या घरांत भगत नाही म्हणता? दिवसा नसतो.

दुसरे उदाहरण हिमाचल प्रदेशचे. तेही डोंगरदऱ्यांचे राज्य, घाट आपल्यापेक्षा कठीण, न्यूरॉलॉजिस्ट मोजके. २०१४ पासून तिथल्या सरकारने गुठळीचे इंजेक्शन जिल्ह्याच्या दवाखान्यांत फुकट ठेवले. जिथे न्यूरॉलॉजिस्ट नाही तिथला साधा फिजिशियन स्कॅनचा फोटो मोबाइलवर शिमल्याच्या किंवा टांड्याच्या तज्ज्ञाला पाठवतो, तज्ज्ञ सांगतो, इंजेक्शन तिथेच सुरू होते. यात कुठलेही नवे यंत्र नाही. सीटी स्कॅन, औषधाची कुपी आणि फोन उचलणारा एक डॉक्टर.

आपल्या रत्नागिरीत २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ही मोठी गोष्ट आहे आणि आपल्या पोरांनी तिथे शिकावे. पण इमारतीच्या पाटीने शीर उघडत नाही. म्हणून माझी मागणी साधी आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक मोठ्या दवाखान्याच्या दारावर मराठीत फलक लावा: सीटी स्कॅन रात्री चालू आहे की नाही, गुठळीचे इंजेक्शन आत्ता शिल्लक आहे की नाही, आणि मोठ्या शिरेचा संशय आला तर गाडी कुठे जाणार. इंजेक्शन सुरू करून त्याच गाडीतून पुढे पाठवण्याचा लेखी नियम हवा. "सकाळी बघू" नको. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅरोटिडची शस्त्रक्रिया किंवा गुठळी काढणे कुठल्या दवाखान्यात बसते, हे आरोग्यमित्राने यादीसह सांगितले पाहिजे. १५५३८८ या क्रमांकावर आपणही विचारू शकतो. ही उपचाराची रक्कम काही लाखांत जाते, आणि मध्यरात्री काही लाख फक्त सावकाराकडे असतात.

दवाखान्याचे होईल तेव्हा होईल, वाडीतले आपल्या हातात आहे. समोरच्याला हसायला सांगा, तोंड वाकडे होते का बघा. दोन्ही हात वर धरायला सांगा, एक खाली येतो का बघा. नाव-गाव विचारा, जीभ अडखळते का ऐका. अचानक तोल गेला, एका डोळ्याने दिसेनासे झाले, तरी तेच. यातले एकही असेल तर १०८ ला फोन. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ कागदावर लिहा. झोपेतून उठताना लकवा दिसला तर रात्री झोपायला गेला ती वेळ धरतात. पाणी पाजू नका, घशात जाते. घरातली अॅस्पिरिन किंवा बीपीची गोळी आपल्या मनाने देऊ नका. शीर फुटली आहे की बंद झाली, हे स्कॅनशिवाय कोणालाच कळत नाही. आणि पाच-दहा मिनिटांत सगळे बरे झाले, तरीही त्याच दिवशी न्या. पुढच्या लकव्याची भीती पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त असते.

आमच्या वाडीच्या गावशाखेने आणि मुंबई शाखेने मिळून या वर्षी विहाराच्या पडवीत एक खुर्ची ठेवली आहे. दोन्ही बाजूंना बांबू बांधलेली, पट्ट्यासकट. भिंतीवर चार तरुणांची नावे आणि फोन क्रमांक आहेत. त्यातला एक जण नेहमी गावात असतोच. परवा त्यांनी पोत्यात वाळू भरून सराव केला. वाडीतून साकवापर्यंत अकरा मिनिटे लागली. साकवाच्या पुलासाठी ग्रामसभेत ठराव दोनदा दिला आहे. तिसऱ्यांदा देताना त्यासोबत जाऊच्या फाईलची झेरॉक्स जोडणार आहोत, घरच्यांची परवानगी घेऊन.